थ्रॉटल बॉडी बदलण्यापूर्वी: रेस वाढलेली, त्यातच पी-२१३५ कोड, मग दोष नेमका कुठे शोधावा?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती ९१ हजार किलोमीटर चालली असून पुण्यात रोजच्या कामासाठी आणि महिन्यातून दोनदा वाईला माहेरी जाण्यासाठी मी ती वापरते. ऑगस्टमध्ये प्रथम असे लक्षात आले की, इंजिन तापल्यावर गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना फेऱ्यांचा (आरपीएम) काटा साडेसातशेच्या आसपास स्थिरावण्याऐवजी अकराशे ते तेराशेच्या दरम्यान राहतो, आणि कधीकधी तेथेच वर-खाली झुलत राहतो. आठवडाभराने चेक इंजिनचा दिवा लागला. घराजवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी-०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा कोड निघाला. मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी उतरवून साफ केली. बटरफ्लायच्या, म्हणजे आतल्या हवा अडवणाऱ्या फिरत्या झडपेच्या, कडेने काळ्या कार्बनचे कडे जमले होते, ते मी स्वतः पाहिले. कोड पुसून गाडी परत मिळाली.

रेस मात्र तसूभरही कमी झाली नाही. उलट चौथ्या दिवशी कात्रजचा चढ चढताना पिकअप एकदम गेला आणि पेडल तळाला टेकवूनही इंजिन पंधराशेच्या वर जाईना. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली, तर जणू काही झालेच नव्हते. असे आतापर्यंत चार वेळा घडले आहे आणि नवा कोड पी-२१३५ आहे. आता त्याच गॅरेजचे म्हणणे असे की थ्रॉटल बॉडीच गेली असून ती बदलण्यास साडेचौदा हजार रुपये लागतील. दुसऱ्या गॅरेजने मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, बोट ठेवले आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, माझ्याकडे चांगले मल्टिमीटर आहेत आणि गाडीचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टरही आहे. मोजमाप करण्यास मी तयार आहे. कोणत्या क्रमाने आणि नेमके काय मोजावे, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

जुना पाना

ताई, साडेचौदा हजार खिशातच राहू द्या, निदान आठवडाभर तरी. तीस वर्षे गॅरेजमध्ये आणि त्यानंतर काही वर्षे आयटीआयमध्ये मुलांना शिकवण्यात घालवली, त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती कोडमध्ये नसून कोड ज्या क्रमाने आले त्या क्रमात आहे. रेस आधी वाढली, नंतर थ्रॉटल बॉडीला हात लागला, आणि पी-२१३५ त्याच्याही नंतर आला. मला हे एका दोषाचे दोन अवतार वाटत नाहीत. हे दोन वेगळे दोष आहेत आणि दुसरा बहुधा दुरुस्तीच्या वेळी जन्माला आला आहे.

पी-०५०७ एवढेच सांगतो की ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, जेवढे फेरे मागितले त्यापेक्षा इंजिन जास्त फिरत आहे आणि बटरफ्लाय मिटवूनही ते आवरता येत नाही. ही हवेची तक्रार आहे. पी-२१३५ हवेबद्दल चकार शब्द काढत नाही. बटरफ्लायची स्थिती सांगणारे दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनासे झाले, एवढाच त्याचा अर्थ. ही विजेची तक्रार आहे. या दोन सेन्सरांचा मेळ बसला नाही की ईसीएम थ्रॉटलच्या मोटरचा पुरवठा तोडते, आतली स्प्रिंग बटरफ्लायला ठरलेल्या किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवते आणि गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला नेता येईल एवढीच ताकद उरते. कात्रजला आपण अनुभवले ते हेच. कार्बनमुळे बटरफ्लाय अडकू शकतो, पण त्यासाठी वेगळे कोड आहेत. कार्बनमुळे दोन सेन्सरांचे आपसातले गणित चुकत नाही.

प्रथम हवेकडे पाहू. आपल्या गाडीत हवेचे माप घेण्यासाठी मास एअर फ्लो सेन्सर आहे की फक्त मॅप, हे आधी पाहा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर कपलर असलेला सेन्सर नसेल आणि मॅनिफोल्डवर तीन किंवा चार वायरींचा छोटा सेन्सर असेल, तर गाडी मॅपवर चालणारी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तशाच आहेत. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ मास एअर फ्लोच्या गाड्यांवर बेतलेले असतात आणि त्यांतले ठोकताळे मॅपच्या गाडीला लावले की माणूस हमखास चुकतो.

इंजिन पूर्ण तापवून, एसी, दिवे आणि पंखा बंद ठेवून हे आकडे कळवावेत. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप किती. आयडलिंगला मॅप, फेरे, शॉर्ट व लाँग फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेत ईसीएम करत असलेली तात्पुरती व टिकाऊ दुरुस्ती), इग्निशन टायमिंग (ठिणगी टाकण्याची वेळ) आणि थ्रॉटलची सापेक्ष स्थिती किती. आणि कूलंटचे तापमान किती. शेवटचे विसरू नका. कूलंट सेन्सर खोटे सांगून इंजिन थंड असल्याचे भासवत असेल तर ईसीएम स्वतःच रेस वाढवून ठेवते आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो.

तिसरा गिअर

जुना पाना यांच्याबद्दल आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. थ्रॉटल साफ केल्यावर त्याचे लर्निंग, म्हणजे ईसीएमला बटरफ्लायची स्थिती नव्याने शिकवणे, केले होते का, हे कोणीच विचारलेले नाही. कार्बन साचत जातो तसा ईसीएम बटरफ्लाय थोडा थोडा जास्त उघडायला शिकते. कार्बन एकदम निघाला की तेवढ्याच उघडझापीत जास्त हवा जाते आणि रेस वाढते. कोल्हापुरात माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झाले होते, आणि स्कॅनरवरून लर्निंग करताच काटा जागेवर आला. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी सगळे उकलत बसण्याआधी लर्निंग करून पाहावे.

घाटमाथा

दोघांचेही आभार. गाडीत मास एअर फ्लो सेन्सर नाही, मॅनिफोल्डवर चार वायरींचा मॅप सेन्सर आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये घेतलेले आकडे असे. चावी ऑन, इंजिन बंद: मॅप ९४ किलोपास्कल. तापलेल्या इंजिनाच्या आयडलिंगला फेरे १,२४० च्या आसपास, मॅप ४३, शॉर्ट ट्रिम उणे दोन ते अधिक दोन टक्क्यांमध्ये हलणारा, लाँग ट्रिम अधिक १.६ टक्के, इग्निशन टायमिंग उणे तीन ते अधिक एक अंश, थ्रॉटलची सापेक्ष स्थिती एक टक्क्याहून कमी आणि कूलंट ९१ अंश.

दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे असे होते की मॅप चावी ऑनला १०१ दाखवायला हवा होता, तो ९४ दाखवतो म्हणून सेन्सर बाद आहे. ट्रिम तर अगदी सरळ दिसतात, त्यामुळे गळती नसावी असे मला वाटते. माझे काही चुकते आहे का?

जुना पाना

ताई, आकडे इतके स्वच्छ दिले आहेत की अर्धे काम झालेच. आधी त्या ९४ ची गोष्ट. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याइतकाच दाब असतो, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच असणार. १०१ मुंबईत किंवा रत्नागिरीत दिसेल. आपण वाईकडे जातच आहात, तर एकदा पसरणी घाट चढून महाबळेश्वरापर्यंत जाऊन यावे. तेथे साडेतेराशे मीटरच्या आसपास हाच सेन्सर ८६ च्या जवळपास आकडा दाखवील. दोन्ही ठिकाणी आकडा बरोबर आला तर सेन्सरच्या वरच्या टोकाबद्दल शंका उरत नाही. पुण्यात ९४ दाखवणारा सेन्सर बाद ठरवणे म्हणजे खरे बोलणाऱ्याला खोटे ठरवणे होय.

आता ट्रिमकडे. मास एअर फ्लोच्या गाडीत सेन्सरच्या पुढे कोठे भोक पडले तर तेथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल कमी पडते, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ट्रिम अधिकमध्ये पळतो. मॅपच्या गाडीत तसे घडत नाही. चोरवाटेने आलेली हवाही मॅनिफोल्डमध्येच येते, तेथला दाब वाढतो, मॅप तो दाब पाहतो आणि ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवते. मिश्रण बरोबरच राहते, फक्त ते जास्त असते. म्हणून गाडी मिसिंग न करता, छान गुळगुळीत आवाजात, नुसती जास्त रेसवर पळत राहते. आपले सरळ ट्रिम गळती नसल्याचा पुरावा नाहीत.

गळतीचा पुरावा दुसऱ्या दोन आकड्यांत आहे. बटरफ्लाय जवळजवळ पूर्ण मिटलेला आहे, आणि इग्निशन टायमिंग, जे अशा इंजिनात आयडलिंगला साधारण पाच ते दहा अंश असायला हवे, ते शून्याच्याही खाली खेचले आहे. ईसीएमने हवा बंद करून पाहिली, ती पुरली नाही, म्हणून ठिणगी उशिरा टाकून इंजिनाची ताकद मारण्याचा प्रयत्न चालवला आहे. मॅप ३० ते ३५ ऐवजी ४३ दिसतो तो या ओढाताणीमुळेच. तिसरा गिअर यांनी सांगितलेली शक्यता खरी असती तर बटरफ्लाय गरजेपेक्षा जास्त उघडा दिसला असता, कारण तेव्हा ईसीएमला जास्त हवा जात असल्याचे अजून कळलेले नसते. येथे तिला कळले आहे आणि ती हतबल आहे. शिवाय रेस साफसफाईच्या आधीपासून वाढलेली आहे. लर्निंग करावे लागेलच, पण दोष काढल्यानंतर. आज केले तर ईसीएम गळतीसकट शिकेल.

हवा आत येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, क्रँककेसमधली वाफ ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाइप, पेट्रोलच्या टाकीची वाफ आणणारा पर्जचा बारीक पाइप, इंजेक्टरच्या रबरी रिंगा, आणि मॅनिफोल्ड व थ्रॉटल बॉडीची गॅस्केटे. थ्रॉटल बॉडी नुकतीच उतरवलेली असल्याने तिच्या गॅस्केटवर एरवी माझा पहिला संशय गेला असता. पण रेस आधीची असल्याने ते मागे ठेवतो. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप चिमट्याने दाबत जावे. चिमट्याच्या दातांवर कापड किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा लावावा, नाहीतर दहा वर्षांचे रबर तेथेच फाटेल आणि नवी गळती आपल्या हातची होईल. ज्या पाइपला दाबल्यावर रेस उतरेल, हवा त्याच वाटेने येते आहे. एकही पाइप जबाबदार नसेल तर मग धुराची चाचणी करून घ्यावी. कार्ब क्लीनरची फवारणी करून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील द्रव उडवण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या पद्धतीने बॉनेटच्या आतली वायरिंग पेटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणखी एक सूचना. चावी ऑन असताना थ्रॉटलच्या तोंडात बोट घालू नका. मोटर क्षणात बटरफ्लाय मिटवते आणि कडेची धार चाकूसारखी असते.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत असतो आणि माझी गाडी मास एअर फ्लो सेन्सरची आहे, म्हणून वरच्या स्पष्टीकरणाची दुसरी बाजू स्वतःच्या आकड्यांनी दाखवतो. गेल्या हिवाळ्यात फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाइप घडीत तडकला. वरून पाहताना काहीच दिसत नव्हते. पाइप उतरवून हाताने वाकवला तेव्हा घडीच्या आत बोटभर चीर उघडली. पी-०१७१, म्हणजे मिश्रण विरळ असल्याचा कोड होता. आयडलिंगला दोन्ही ट्रिम मिळून अधिक २२ टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांवर फक्त अधिक ४ टक्के. हा फरकच निदान ठरला. आयडलिंगला इंजिन हवा थोडी ओढते, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो. रेस दिली की मोजलेली हवा कितीतरी पटींनी वाढते आणि चोरटी हवा त्यात हरवून जाते. ट्रिम दोन्ही ठिकाणी सारखेच वाढलेले असते तर मी पेट्रोलचा दाब किंवा मळलेला सेन्सर तपासला असता. माझ्या गाडीची रेस मात्र वाढली नव्हती. ती आयडलिंगला थरथरत होती. दोष एकाच जातीचा, पण माझी गाडी लंगडली आणि ताईंची उधळली, ते केवळ हवा मोजण्याच्या पद्धतीमुळे.

घाटमाथा

सापडले! ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, फरक नाही. पीसीव्हीचा दाबला, पन्नासेक फेऱ्यांचा फरक. पर्जचा पाइप दाबला आणि १,२४० वरचा काटा ७८० वर येऊन बसला; इंजिनाचा आवाजच बदलला. दोनदा सोडून पुन्हा दाबून खात्री केली.

पर्ज व्हॉल्व्ह काढून घरात आणला. कॉइलचा रोध २६ ओहम आला, बारा व्होल्ट दिल्यावर टिक असा आवाजही येतो, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो ठणठणीत आहे. पण वीज नसताना तो बंद राहायला हवा, तसा राहत नाही; नळीला तोंड न लावता छोट्या हातपंपाने हवा ढकलली तर बिनदिक्कत पलीकडे जाते. व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला तेव्हा खसखशीएवढे काळे कण पडले. ते काय असावेत? आणि व्हॉल्व्ह सताड उघडा असताना त्याचा कोड का आला नाही? आठवून पाहता, पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू करताना दोन-तीन सेल्फ जास्त मारावे लागत होते, तेही जुलैपासूनच.

जुना पाना

ते कण कॅनिस्टरमधल्या कोळशाचे आहेत. टाकीतली वाफ बाहेर हवेत न सोडता ती कोळशाच्या डब्यात शोषून घेतात आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह ती थोडीथोडी मॅनिफोल्डमध्ये सोडतो. कोळसा फुटू लागला की त्याचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि तो मिटेनासा होतो. पेट्रोल भरल्यावर टाकीत ताजी वाफ दाटलेली असते. उघड्या व्हॉल्व्हमधून ती थेट मॅनिफोल्डमध्ये येते आणि सुरू करताना मिश्रण गच्च होते. आपले जादा सेल्फ त्यामुळेच. कोड न येण्याचे कारण आपण स्वतःच मोजले आहे. अशा अनेक गाड्यांत ईसीएम व्हॉल्व्हची फक्त वायर आणि कॉइल तपासते. कॉइल शाबूत असेल तर व्हॉल्व्ह यांत्रिकदृष्ट्या मिटला की नाही, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो.

एक आगाऊ प्रश्न विचारतो, राग मानू नये. पंपावर नळी कट झाल्यावर आपण "राउंड फिगर करा" असे सांगता का? कट झाल्यानंतर कोंबलेले पेट्रोल वाफेऐवजी द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये शिरते आणि कोळसा भिजून त्याचा भुगा होतो. कॅनिस्टर हलवून पाहावा. आत खुळखुळ्यासारखा आवाज आला तर व्हॉल्व्हबरोबर तोही बदलावा, नाहीतर नवा व्हॉल्व्ह सहा महिन्यांत याच वाटेने जाईल.

आता पी-२१३५. आपले शिक्षण येथे कामी येईल. थ्रॉटलच्या कपलरला बहुधा सहा वायरी आहेत: दोन मोटरच्या, एक पाच व्होल्टची, एक सेन्सरच्या अर्थची आणि दोन सिग्नलच्या. बऱ्याच गाड्यांत एक सिग्नल बटरफ्लाय उघडताना वर चढतो आणि दुसरा तेवढाच खाली उतरतो, त्यामुळे दोघांची बेरीज कोणत्याही स्थितीत पाच व्होल्ट राहते. आपल्या गाडीत तसे आहे का ते आधी पाहून घ्यावे. कपलर काढू नये. वायरीच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक सुई सरकवून मोजावे. ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर यासाठी फार मंद आहे. क्षणभराची उडी तो गाळून टाकतो. दोन मल्टिमीटर किमान-कमाल नोंदवण्यावर लावून वायरिंग हलके हलवावे.

बेरीज कशी बिघडते त्यावरून दोषाची जागा कळते. अर्थच्या वाटेत रोध वाढला तर दोन्ही सिग्नल वर उचलले जातात आणि बेरीज पाचच्या वर जाते. पाच व्होल्टच्या वाटेत रोध असेल तर बेरीज पाचच्या खाली येते. एकच सिग्नल उडाला आणि दुसरा जागेवर राहिला तर त्या एका सिग्नलची वायर, पिन किंवा सेन्सरचा पट्टा पाहावा. बेरीज बिघडलेली असतानाच कपलरच्या वायरीवर अर्थ आणि पाच व्होल्ट हे दोन्ही बॅटरीच्या निगेटिव्हशी ताडून घ्यावेत, कारण खरी मेख तेथे आहे.

डिझेलवाला

माझ्या डिझेल गाडीतही थ्रॉटलसारखा फ्लॅप आहे आणि पिकअप कमी झाला आहे. हेच निकष मला लागू होतील का?

तिसरा गिअर

नाही. डिझेलमध्ये इंजिनाची ताकद हवेवर नव्हे तर डिझेलच्या मात्रेवर ठरते; तो फ्लॅप मुख्यतः ईजीआरला (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेला) मदत करण्यासाठी आणि इंजिन बंद करताना धक्का बसू नये यासाठी असतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंतचे पाइप व क्लिपा तपासा. तेलकट डाग, जोर देताना फुस्स असा आवाज आणि काळा धूर असेल तर दाबलेली हवा बाहेर जाते आहे. वेगळा धागा काढल्यास तेथे सविस्तर बोलू.

घाटमाथा

उशिराबद्दल क्षमस्व, गाडी नीट तपासल्याखेरीज लिहायचे नाही असे ठरवले होते. "राउंड फिगर" बद्दलचा आरोप मान्य आहे, आणि कॅनिस्टर खुळखुळतही होता. दोन्ही बदलले.

पर्ज व्हॉल्व्ह बदलल्यावर पहिल्या दिवशी उलटेच झाले: रेस सहाशेच्या खाली जाऊन गाडी सिग्नलला दोनदा बंद पडली. ईसीएम इतके दिवस चोरट्या हवेच्या हिशोबाने शिकलेले असणार. तिसरा गिअर यांनी सुचवलेले लर्निंग तेव्हा स्कॅनरवरून करून घेतले आणि काटा ७४० वर स्थिरावला. मॅप आता ३२, इग्निशन टायमिंग सात अंशांच्या आसपास. महाबळेश्वरला चावी ऑनला ८६ हा आकडा दिसला तेव्हा घरच्यांना त्याचा एवढा आनंद का, हे समजावून सांगणे कठीण गेले.

थ्रॉटलच्या सिग्नलांची बेरीज स्थिर असताना ४.९९ ते ५.०१ व्होल्ट येत होती. वायरिंग बॅटरीच्या बाजूला वाकवले की ती ५.४ पर्यंत उडी मारी, आणि दोन्ही सिग्नल एकदमच वर जात. म्हणजे अर्थ. पण त्याच क्षणी कपलरच्या वायरीवर अर्थ मोजला तर ०.०१ व्होल्ट आणि पाच व्होल्टची वायर बरोबर ५.००! अर्धा तास डोके खाजवले, मग जुना पाना यांची मेख उमगली. वायर माझ्या सुईपर्यंत चांगली आहे आणि रोध सुईच्या पलीकडे आहे. एक तर कपलरमधल्या पिनेच्या पकडीत, नाहीतर थ्रॉटल बॉडीच्या आत. पकडीत असेल तर खर्च नगण्य, आत असेल तर साडेचौदा हजारांचे गॅरेजचे म्हणणे खरे.

कपलर काढून, त्याच मापाची सुटी पिन सहाही घरांत एकेक करून घालून पाहिली. पाच घरांनी पिन धरून ठेवली, बाहेर ओढताना बोटाला अडकल्यासारखे जाणवत होते. अर्थच्या घरातून ती नुसत्या वजनाने खाली पडली. भिंगाखाली पाहिले तर आतली पितळी जीभ फाकलेली होती आणि तिच्यावर जाड टोकाच्या प्रोबचा ओरखडा स्पष्ट दिसत होता. साफसफाईच्या वेळी कोणीतरी कपलर काढून समोरून मीटर खुपसला असावा. ऑटो इलेक्ट्रिशियनने ती टर्मिनल नवी क्रिम्प करून दिली.

त्यानंतर तीन आठवडे झाले, खंबाटकी दोनदा आणि कात्रज रोज असे सुमारे ९०० किलोमीटर झाले. दोन्ही कोड परत आलेले नाहीत, वायरिंग कसेही हलवले तरी बेरीज ५.०१ च्या वर जात नाही, आणि जुनीच थ्रॉटल बॉडी जागेवर आहे.